पडद्याशेजारचं दार

आमच्याकडे पिक्चर संपला हे दारावरून कळतं. टॉकीजच्या पडद्याच्या डाव्या अंगाला एक लोखंडी दार आहे. शेवटचा प्रसंग झाला आणि काळ्या पडद्यावर पहिलं नाव उमटलं की दारावरचे काका कडी काढतात. दार भिंतीवर आदळतं आणि दुपारचा खेळ असेल तर बाहेरचं ऊन थेट पडद्यापर्यंत येतं. मग कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही. माणसं उठतात, पायाने चपला चाचपतात, आपली गाडी स्टँडवरून आधी निघावी म्हणून एकमेकांच्या पाठीला लागतात. संगमनेरमध्ये मी लहानपणापासून असेच पिक्चर बघत आले. शेवटची नावं बसून बघायची असतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि कळल्यावरही बघायला मिळाली नाहीत, कारण दार उघडायचं ते उघडायचंच.

त्या दारापायी माझी चार वर्षांची पत जायची वेळ आली होती. ती गोष्ट सांगायची आहे.

मी फार बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे. घरी चुकून इंग्रजी वाक्य निघालं की चुलत भावंडं म्हणायची, "आली बघा मडम." तेव्हापासून तोंड उघडण्याआधी कोणती भाषा चालेल याचा अंदाज घ्यायची सवय लागली, आणि अंदाज घेईपर्यंत बहुतेक वेळा विषय बदललेला असायचा. त्यामुळे मी बघत राहायला शिकले. बोलायचं ते लिहायला लागले. बारावीनंतरच्या सुट्टीत नाव-फोटो काही न लावता एक पान उघडलं, आणि त्यावर इंग्रजीत ॲनिमेशनच्या सुपरहिरो पिक्चरांबद्दल लिहायला सुरुवात केली.

"कार्टून बघायचं वय आहे का तुझं?" हे मी पुष्कळदा ऐकलंय. मला हे पिक्चर आवडतात कारण त्यात काहीच आपोआप घडत नाही. खऱ्या माणसांच्या पिक्चरमध्ये बाईचे केस उडतात तेव्हा कधीकधी वारा सुटलेला असतो. ॲनिमेशनमध्ये वारासुद्धा कुणीतरी ठरवून काढलेला असतो. म्हणून गोष्टीत भोक राहिलं तर ते अनेकांच्या टेबलांवरून, अनेकांच्या नजरेखालून गेलेलं असतं. बाकीचे चाहते कोणाची ताकद कोणापेक्षा जास्त यावर भांडतात. मी भोकं शोधते. शेवटच्या पंधरा मिनिटांत हुशार खलनायक एकदम येडा का होतो, पहिल्या भागात मेलेला माणूस दुसऱ्या भागात चहा पीत कसा बसतो, नायकाच्या आईला मरण्यापलीकडे काही काम का नसतं. असलं सगळं.

हळूहळू पान वाचणारे मिळाले, त्यातून एका गटात ओढली गेले. राज्यभरातले दोन-अडीचशे जण, जास्त करून पुण्या-मुंबईचे आणि नाशिकचे. रविवारी संध्याकाळी सात वाजता त्यांचा कट्टा भरतो, मोबाईलवरच. एकाने वीस मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मी संगमनेरची मुलगी आहे एवढंच त्यांना माहीत होतं. मी कित्येक महिने माईक बंद ठेवून ऐकत होते. मला कधी कोणी बोल म्हटलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मग तो पिक्चर आला.

त्यातली मुलगी बंदराच्या गावातल्या एका शिंप्याची लेक असते. तिला दुसऱ्याची सावली उसनी घेता येते. सावली अंगावर ओढली की त्या माणसाची ताकद तिला मिळते. पण ज्याची सावली घेतली त्याची एक आठवण कायमची पुसली जाते. पहिल्या अर्ध्यात ती गावातल्या पाववाल्याची सावली घेऊन एका बुडत्या बोटीला बाहेर काढते, आणि त्या संध्याकाळी पाववाला घरी जायची वाट विसरतो. हातात गरम पावाची पिशवी घेऊन तो आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. घर वीस पावलांवर आहे, बायको दिवा लावतेय, हे आपल्याला दिसतं. त्याला समजत नाही. मुलगी ते लांबून बघते. मी टॉकीजमध्ये सहसा रडत नाही, त्या दिवशी ओढणी तोंडाला लावली.

शेवटी समुद्रातून लोखंडी राक्षस येतो आणि ती अख्ख्या गावाच्या सावल्या एकदम घेते. राक्षस बुडतो. गाव नाचतं. पाववाल्यासकट सगळे नाचतात, मुलगी दमून झोपते, पडदा काळा. पहिलं नाव. दार. ऊन.

शनिवारी बघितला आणि रविवारी सकाळी एका बैठकीत लिहून काढलं. इतक्या सावल्या घेतल्या, मग इतक्या आठवणी कुठे गेल्या? स्वतः घातलेला नियम गोष्टीने स्वतःच मोडला. एका माणसाच्या वाटेची किंमत मोजायला लावली आणि गावाची किंमत माफ करून टाकली. लेखाचं शीर्षकच ठेवलं होतं, किंमत कोणी दिली? सोमवारी कट्टा चालवणाऱ्या पुण्याच्या मुलाचा निरोप आला. लेख फार आवडला, येत्या रविवारी तुम्हीच बोला. मी तीन वेळा 'नको' टाईप केलं, तीन वेळा खोडलं, आणि शेवटी 'हो' पाठवून मोबाईल उशीखाली ठेवला.

मंगळवारी दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बाहेर आले तर गटात माझ्या नावाने शिमगा चालू होता.

"नावांनंतरचा सीन बघितला का हिने?"

"त्यातच तर उत्तर आहे! सगळं गाव विसरतं!"

"अर्धा पिक्चर बघून पूर्ण अक्कल."

"एसटी चुकणार होती का मॅडमची?"

"गावाकडे शेवटची नावं पोचत नसतील हो. वाटेत घाट लागतो."

याला हसण्याचे कितीतरी चेहरे लागले होते. पुण्याच्या मुलाने खाली सभ्यपणे लिहिलं होतं, की लेखाचा पायाच चुकीचा असेल तर रविवारी दुसऱ्या कुणाला घ्यावं का? तुम्हीच ठरवा, गुरुवारपर्यंत कळवा. एका मुलीने दया येऊन मला त्या सीनचा चोरून काढलेला व्हिडिओ पाठवला. त्यात पडदा तिरका होता, कुणाचं तरी डोकं मधे होतं आणि पूर्ण वेळ एक माणूस खोकत होता. गावातले लोक रस्त्यावर उभे आहेत एवढंच दिसलं. नाशिकला जाऊन बघावा तर तिथे रात्रीचेच खेळ उरले होते आणि तेवढ्या उशिरा एकटीने परत येणं घरी विचारायचीही सोय नव्हती.

माझ्याजवळ स्वतःचं म्हणून एकच होतं. मी लिहिते ते बघून लिहिते, यावर चार अनोळखी लोकांचा विश्वास. आणि मी शेवट न बघता लिहिलं होतं.

संध्याकाळी आईच्या केंद्रावर जाऊन बसले. आई घराजवळच्या दूध संकलन केंद्रावर नमुने तपासते. सकाळ-संध्याकाळ लोक कॅन घेऊन रांग लावतात. आई झाकण काढते, लांब दांड्याची चकती कॅनमध्ये घालून दूध खालीवर ढवळते, मग पळीने नमुना काढून मशीनला लावते. न ढवळता वरून घेतलं तर साय येते आणि फॅट जास्त लागते. तळातून घेतलं तर कमी. पंधरा वर्षं ती हेच करतेय.

"तोंड का पाडलंयस?" तिने मान वर न करता विचारलं.

मी दोन कॅनच्या मधल्या वेळात, तुकड्या-तुकड्याने सांगितलं. सावल्या, पाववाला, दार, गट. तिला गट म्हणजे काय ते अजून नीट कळलेलं नाही, पण लोक हसले एवढं कळलं. तेवढ्यात रांगेतल्या एका दादांचा आवाज चढला.

"बाई, परत बघा की. लई कमी आलंय. माझ्या म्हशीला एवढं कमी कधीच न्हाई."

आईने कॅनकडे बघितलं, ढवळायच्या दांड्याकडे बघितलं. दांडा कोरडा होता. माझी गोष्ट ऐकता ऐकता तिने न ढवळताच पळी तळाशी बुडवली होती. रांगेत दहाबारा माणसं होती. ती काहीतरी पुटपुटून निभावून नेऊ शकली असती.

"दादा, चुकलं माझं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी ढवळलंच नव्हतं. परत घेते."

"मी म्हणलोच हुतो. मानूस खोटं बोलंल, म्हैस न्हाई बोलायची."

रांग हसली. आईही हसली, दूध ढवळलं, पुन्हा लावलं. आकडा आधीपेक्षा वाढला, पण दादा म्हणत होते तेवढा नाही.

"एवढंच व्हय?" दादा म्हणाले.

"आता म्हैस बोलली ती," आई म्हणाली आणि पुढचा कॅन ओढला.

घरी जाताना तिने विचारलं, "ते लोक म्हणतात तू शेवट बघितला नाहीस. खरंय ना?"

"मम्मी, बघूच देत नाहीत! दार उघडतात."

"मग नमुना अर्धाच की. परत जाऊन बघ."

"परत गेले तरी परत दार उघडतील."

"मग सांग त्यांना, उघडू नका म्हणून."

जसं काही मला दुकानात साबण मागायला सांगितलं होतं.

पिक्चर शुक्रवारी बदलतात, म्हणजे गुरुवार हा शेवटचा दिवस. गुरुवारी बाराच्या खेळाला आई माझ्यासोबत आली. दुपारी तिचं केंद्र बंद असतं. हॉल अर्ध्याहून जास्त भरला होता. शाळेला कसलीशी सुट्टी होती म्हणून पोरं फार होती. आमच्या पुढच्या रांगेत टोपीवाले एक आजोबा दोन नातींना घेऊन बसले होते आणि पिक्चर सुरू व्हायच्या आधीपासून त्यांना गप्प बसायला सांगत होते.

माझा बेत असा होता, की इंटरव्हलमध्ये काकांना गाठायचं आणि हळूच विनंती करायची. मनात वाक्यं तयार केली. मराठीतलं वाक्य फार शाळेच्या पुस्तकातलं वाटत होतं, 'कृपया' वगैरे. इंग्रजी शब्द घातले तर मडम वाटेन. काका दाराशी स्टुलावर बसून पंख्याकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय पायजे?" ते म्हणाले.

"वडे कुठे मिळतात?" मी म्हणाले.

परत आले तेव्हा आईने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "बोललीस?"

"वडे आणले."

आईने एक वडा घेतला.

दुसरा अर्धा मी पिक्चर बघितलाच नाही, दार बघितलं. राक्षस आला, सावल्या गेल्या, राक्षस बुडला. गाव नाचायला लागलं तसे काका स्टुलावरून उठले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. मुलगी झोपली. पडदा काळा झाला. पहिलं नाव आलं आणि कडी वाजली. दार आदळलं, ऊन आत आलं, नावं फिकी झाली. सगळा हॉल उठला.

आई उठली नाही. पर्स मांडीवर घेऊन, समोर बघत तशीच बसून राहिली. मला वाटतं मी तिच्याकडे बघितल्यामुळेच उभी राहिले.

"काका, दार लावा!"

माझा आवाज मधेच चिरकला. हॉलमधली डोकी माझ्याकडे वळली.

"काय झालं? पडलं का कोणी?"

"पाकीट हरवलं वाटतं पोरीचं."

"काका, दार लावा," मी पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज टिकला. "पिक्चर संपला नाही. नावं झाल्यावर अजून एक सीन आहे. तो आम्हाला बघायचाय."

काका कडीला हात लावून तसेच. "ओ ताई, पुढच्या खेळाची लोकं येत्यात. झाडायचं हाय अजून. इतकी वर्षं दार उघडतोय, उरलंय म्हणून कोणी म्हणलं न्हाई."

"कारण तुम्ही उघडता म्हणून कोणाला कळलंच नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. ते कुठून आलं मला आजही माहीत नाही. "आम्ही चुकीचा शेवट घेऊन घरी जातो काका. दरवेळी."

मग पुढच्या रांगेतले आजोबा, जे अर्धे उठले होते, ते मागे वळले.

"उरलंय म्हनती का तू?"

"हो आजोबा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी टोपी सारखी केली आणि खुर्चीत बसले. "मग दावा की वो! आमी काय अर्ध्या पिक्चरला आलोय व्हय? ए पोरीहो, बसा गं खाली."

नाती बसल्या. त्यांच्यामागे एक रांग बसली. दाराशी पोचलेली पोरं 'अजून हाय, अजून हाय' करत खुर्च्यांवरून उड्या मारत परत आली. काकांनी हॉलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दार ओढून घेतलं. मग वर, मशीनच्या खिडकीकडे तोंड करून ओरडले, "चालू राहू दे रे! हितं लोकं बसल्यात!"

अंधार झाला आणि नावं पहिल्यांदा उजळ दिसली.

ती किती लांब असतात याचा मला अंदाज नव्हता. पडद्यावर खालून वर नावं चढत राहिली आणि दोन मिनिटांत हॉल चुळबुळायला लागला. सीन आलाच नाही तर? खोकणाऱ्या माणसाचा तो व्हिडिओ दुसऱ्याच पिक्चरचा असला तर? तेवढ्यात मागून एका मुलीने मोठ्याने वाचलं, "केस! हे लोक फक्त केस काढतात! बघ ना, केसांची अख्खी यादी आहे!"

"पाण्याची पन हाय."

"सावल्यांची कुठंय? सावल्यांची शोधा!"

आणि मग पोरं नावं वाचायला लागली. चुकत, अडखळत, एकमेकांच्या वर आवाज चढवत. मधेच पडद्यावर भारतातल्या कुठल्या तरी स्टुडिओची यादी आली आणि ओळखीची आडनावं सुरू झाली. एक तर असं आडनाव आलं, जे आमच्या तालुक्यात दर चौथ्या दुकानाच्या पाटीवर असतं.

"अयो! आपल्याकडचं हाय!"

शिट्ट्या पडल्या. टाळ्या पडल्या. आजोबा विचारत होते, "काय काढलंय त्यानं?" कोणीतरी वाचून सांगितलं, "समुद्र, आजोबा." आजोबा नातींना म्हणाले, "बघा. आपल्या मानसानं समिंदर काढलाय." त्या क्षणी मला सीनची पर्वा उरली नव्हती. माझ्या हाकेवर बसलेली शंभरेक माणसं अंधारात नावं वाचत होती.

मग सीन आला.

सकाळ झालीय. बंदराच्या गावातले सगळे लोक रस्त्यावर उभे आहेत, आणि कोणालाच आपलं घर कोणतं ते आठवत नाही. एक बाई एकेक कुलुपाला किल्ली लावून बघतेय. महापौर कोंबड्यांच्या खुराड्यात शिरतो आणि आत ऐसपैस बसतो. दोन म्हाताऱ्या एकाच दारावर हक्क सांगत भांडतात. मागे मजेदार पिपाणी वाजतेय. वरच्या खिडकीत ती मुलगी घोरत पडलीय. पडदा काळा.

हॉल खदखदून हसला. मीही हसले. महापौर कोंबड्यांत बसला तेव्हा तर माझ्या नाकातून आवाज आला.

आई हसली नव्हती.

"अगं," ती म्हणाली, "मघाशी त्या पाववाल्याला घर सापडलं नाही तेव्हा मी रडले. तेच आत्ता सगळ्या गावाचं झालं. मग यात हसायचं काय?"

आणि मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, इतक्या वेगाने की मला पर्समधून पेन शोधेपर्यंत धीर निघेना. बाहेर पडताना काकांनी दार धरून ठेवलं होतं. आजोबा त्यांना म्हणाले, "एवढं चांगलं लपवून ठिवलं हुतं का रे?" काका म्हणाले, "आमालाच म्हाईत न्हवतं." मी स्टँडच्या कट्ट्यावर बसून तिकिटाच्या पाठीवर लिहिलं. मग मोबाईल काढून पुण्याच्या मुलाला कळवलं, की रविवारी मीच बोलणार आहे.

रविवारी सात वाजता खोलीचं दार लावून बसले. समोर चार पानं इंग्रजीत लिहिलेली होती. माईक सुरू केला, तर पलीकडे नेहमीपेक्षा जास्त लोक होते. माझी फजिती ऐकायला आलेले, हे मला माहीत होतं. मी पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं आणि केंद्रावरची रांग डोळ्यांसमोर आली.

"मी चुकले होते," मी मराठीत म्हणाले. "मी शेवट न बघता लिहिलं. आमच्या टॉकीजमध्ये नावं आली की दार उघडतात, आणि ते उघडतात हे मला माहीत असूनही मी लेखात सांगितलं नाही. किंमत कोणी दिलीच नाही, असं मी म्हटलं होतं. दिली गेलीय. अख्ख्या गावाने दिलीय. ते वाक्य मी मागे घेते."

पलीकडे कोणीतरी 'ओके' म्हणालं. त्यात जिंकल्याचा सूर होता.

"आता मी सगळं बघितलंय," मी म्हणाले. "आणि आता मला गोष्टीची चूक आधीपेक्षा मोठी वाटते."

इंग्रजी पानं मी उलटी करून ठेवली. वीस मिनिटं न बघता बोलले. पाववाल्याला घर सापडत नाही तेव्हा मागे एकच सूर वाजतो आणि आपण रडतो. गावाला घर सापडत नाही तेव्हा पिपाणी वाजते आणि आपण हसतो. दुःख तेच आहे. एकाचं असताना ते खरं होतं, सगळ्यांचं झालं तेव्हा गंमत झालं. म्हणजे गोष्ट रचणाऱ्यांना प्रश्न माहीत होता. उत्तरही माहीत होतं. त्या उत्तराने पिक्चरचा आनंदी शेवट बिघडला असता, म्हणून त्यांनी ते नावांच्या मागे नेऊन ठेवलं आणि आपल्याला दुखू नये म्हणून कोंबड्या आणल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलगी झोपलेली आहे. पाववाल्याच्या वेळी ती बघत होती, म्हणून ती आपली नायिका होती. जिने सावल्या घेतल्या तिलाच किंमत दिसली नाही, तर ती गोष्ट कोणाची?



पुण्याच्या मुलाने विचारलं, "मग तो सीन कुठे हवा होता?"

"नाचाच्या आधी. ती जागी असताना."

मग तो म्हणाला, "मी दोनदा बघितला थिएटरमध्ये. दोन्ही वेळा हसलो. हे लक्षातच आलं नाही माझ्या."

"मीही हसले," मी म्हणाले. "माझी आई नाही हसली."

त्यानंतर प्रश्न थांबेनात. कट्टा आठपर्यंत असतो, पावणेनऊ झाले. एसटीवरून टोमणा मारणारा मुलगाही बोलला. म्हणाला, "मॅडम, ते टॉकीज कुठंय नक्की? आम्हाला तिथे एखादा पिक्चर बघायचाय. नावं वाचत." मी पत्ता सांगितला. एसटी स्टँडपासून चालत येतं, हेही सांगितलं. "परतीची चुकणार नाही," असंही म्हणाले, आणि सगळे हसले. त्या हसण्याचा मला त्रास झाला नाही.

माईक बंद करून बाहेर आले तर आई भाकरी थापत होती. दारातून तिला सगळं ऐकू गेलं असणार.

"किती लागली फॅट?" तिने विचारलं.

"चांगली लागली."

"ढवळलं होतंस ना, मग लागणारच," ती म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं.

पुढच्या महिन्यात दुसरा एक पिक्चर आला, तोही ॲनिमेशनचाच. मी एकटी गेले, बाराच्या खेळाला. शेवटचा प्रसंग झाला, पडदा काळा झाला, पहिलं नाव आलं. कडी वाजली नाही. मी मान वळवून बघितलं. काका कडीवर हात ठेवून उभे होते आणि अंधारात खुर्च्यांवरून नजर फिरवत कोणाला तरी शोधत होते. मी दिसले तसे थांबले.

"ताई!" ते हॉलच्या त्या टोकावरून ओरडले. "उरलंय का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. पडद्यावर नावं चढत होती.

"उरलंय काका," मी तितक्याच मोठ्याने म्हणाले. "थांबा."

त्यांनी कडीवरचा हात काढला आणि स्टुलावर बसले.